पाकिटातले जिवाणू मुळीपर्यंत पोहोचतात का?

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो. निफाड-दिंडोरीकडे दोन द्राक्षबागायतदार भेटले, की तिसरं वाक्य ठरलेलं असतं, "मुळी चालतेय का?" मग बोद (वेलीखालचा मातीचा उंच वरंबा) उकरायचा आणि पांढरी मुळी दिसली की जीव भांड्यात पडतो. आज त्या मुळीवरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंच्या वस्तीबद्दल आणि पाकिटातून मिळणाऱ्या जिवाणू खतांबद्दल बोलू.

पान उन्हात जी साखर बनवतं, तिचा काही हिस्सा मुळीतून मातीत पाझरतो. सोबत आम्लंही असतात. मुळीभोवतीच्या या पट्ट्याला जर्मनीच्या लोरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ साली 'रायझोस्फिअर' हे नाव दिलं. या पाझराच्या मागावर स्यूडोमोनास, अझोस्पिरिलम असे जिवाणू शेपटीसारखा तंतू हलवत पोहत येतात. पोहायचं, तर मातीच्या कणांवर पाण्याचा पातळ थर हवा. कोरड्या ढेकळात ड्रेंचिंग केलं, म्हणजे जिवाणूंचं पाणी मुळीशी ओतलं, तर ते जागीच अडकतात. आपला वाफसा (माती ओलसर, पण चिखल नाही) त्यांनाही मानवतो. मुळीवर आले की पेशींच्या खाचांत बसतात आणि चिकट थर करून घर धरतात.

सोयाबीनची गोष्ट आणखी पुढची. तिची मुळी खास रसायनं सोडते, जिवाणू उलट निरोप धाडतो आणि मुळीचा केस आकड्यासारखा वळून त्याला कवेत घेतो. तिथून आत शिरायची वाट तयार होते, गाठ धरते आणि गाठीत हवेतला नत्र पिकाच्या कामी येतो. पण हे निरोप ज्याचे त्यालाच कळतात. हरभऱ्याचं रायझोबियम (गाठी करणारा जिवाणू) सोयाबीनला चालत नाही, म्हणून पाकिटावर पिकाचं नाव वाचा.

आणि पाकिटात जीव आहे, हे विसरू नका. मी एकदा मे महिन्यात पाकिटं पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली होती. जूनमध्ये बियाण्याला चोळली ती नुसती काळी भुकटी! बीजप्रक्रियेत बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी. मग बियाणं सावलीत सुकवायचं. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) किंवा ताम्रयुक्त औषधाच्या टाकीत तर जिवाणू खत घालूच नका.

सोयाबीन फुलावर आली की एक झाड खुरप्याने मातीसकट काढा. उपटू नका, गाठी मातीतच राहतात. एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल दिसली, तर तिचं काम सुरू आहे. हिरवट किंवा करडी असेल, तर ती नत्र देत नाही.