कालवांच्या तळावरची हद्द

(कोल्हापुरातील वकील आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मित्रहो, समुद्र घाटाखाली आणि आपण घाटमाथ्यावर, मग कालवांचा, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या खाद्य शिंपल्यांचा (ऑयस्टर), कायदा कोल्हापुरात कशासाठी, असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु १८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच येथे सुरू झाले आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्या कक्षेत आले. कोकणच्या पाण्यात कोणी कोणते अवजार कुठे टाकले, हा वाद आता आपल्याच माणसांना चालवावा लागणार आहे.

प्रथम अवजार समजून घेऊ. ड्रेज म्हणजे खालच्या कडेला दाते असलेली लोखंडी चौकट आणि तिच्यामागे साखळ्यांची किंवा दोरांची पिशवी. नाव पुढे जाते आणि ही चौकट तळ खरवडत मागून येते. आपल्या शेतकऱ्याला ते पाण्याखालचे दाताळे वाटेल. पण दाताळ्याने वाफ्यातली माती वाफ्यातच राहते. ड्रेज वाफाच उचलून नेते. कालवाचे पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगते, नंतर एखाद्या कठीण पृष्ठभागाला कायमचे चिकटते, आणि मऊ चिखलाच्या तळावर असा पृष्ठभाग बहुधा आधीच्या पिढ्यांच्या कवचांचाच असतो. ती कवचे उचलली गेली, तर कालवे तर जातातच, शिवाय पुढच्या कालवांना बसायला जागाही उरत नाही. म्हणूनच केवळ ‘किती’ आणि ‘केवढी’ कालवे काढावीत हे ठरवून भागत नाही. ‘कुठे’ हे ठरवावेच लागते.

या प्रश्नाचा सर्वांत बोधप्रद इतिहास अमेरिकेतील चेसापीक उपसागराचा आहे. मेरिलँड राज्याने १८२० मध्ये ड्रेजवर सरसकट बंदी घातली. पुढे १८३३ च्या कायद्यातील ड्रेजबंदी मोडल्याबद्दल ‘व्होलंट’ नावाची एक नौका जप्त झाली, आणि आपल्याकडे केंद्र सरकारचा नौकापरवाना असल्याने राज्याचा कायदा आपल्याला लागू होत नाही, असा युक्तिवाद तिच्या मालकाने केला. १८५५ साली स्मिथ विरुद्ध मेरिलँड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. भरतीच्या पाण्याखालची जमीन राज्याची आहे, तिच्यावर मासेमारीचा लोकांचा हक्क आहे, आणि तो हक्क नष्ट करणारी पद्धत राज्य रोखू शकते, हे त्या निकालाचे सूत्र. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात राज्याची मालकी आणि राज्याची राखणदारी एकमेकांपासून तोडलेली नाहीत.

पुढे १८६५ मध्ये बंदी सैल झाली. खुल्या उपसागराच्या खोल पाण्यात शिडाच्या नावेतून, परवाना घेऊन ड्रेज चालवता येऊ लागले. नद्या आणि उथळ पाणी लांब दांड्यांच्या चिमट्यांनी कालवे काढणाऱ्यांसाठी राखले गेले. कागदावर ही वाटणी न्याय्य होती, पण पाण्यावर बांध घालता येत नाही. रात्री ड्रेजवाले उथळ पाण्यात शिरत, चिमटेवाले बंदुका घेऊन किनाऱ्यावर उभे राहत, आणि १८६८ मध्ये राज्याला स्वतंत्र सशस्त्र जलपोलीस दल उभारावे लागले. १८८४-८५ च्या हंगामात तेथे सुमारे दीड कोटी बुशेल (पायलीसारखे, पण मोठे असे तिकडचे माप) कालवे निघाली. त्यानंतर उतरण लागली. नैसर्गिक कालवतळ नेमके कोठे आहेत, याची सविस्तर मोजणी मात्र १९०६ ते १९१२ या काळात झाली. आधी हद्दीसाठी गोळीबार आणि चाळीस वर्षांनी हद्दीचा नकाशा, हा क्रम त्या किनाऱ्याला फार महागात पडला.

शिडाची अट टिकली, ती मला विशेष विचार करण्याजोगी वाटते. वारा पडला की ड्रेज थांबे, त्यामुळे तळाला विसावा मिळे. १९६७ मध्ये मेरिलँडमध्ये आठवड्यातून दोन दिवस शिडाची नाव इंजिनाच्या नावेने ढकलण्याची मुभा मिळाली. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या फाल नदीत शीड आणि वल्ही यांचीच परवानगी असलेली कालवमारी चालते.

आता आपल्याकडे येऊ. कोकणात बायका ओहोटीला खडकावर बसून, कोयतीने एकेक कालव फोडून काढतात. ड्रेजचा प्रश्न तेथे अजून उभा नाही. परंतु महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ राज्याला विशिष्ट क्षेत्रात विशिष्ट साधन रोखण्याचा अधिकार देतो, आणि यांत्रिक ट्रॉलिंगसाठी किनाऱ्यापासूनची हद्द वावांमध्ये (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट), म्हणजे पाण्याच्या खोलीवरून, आखण्याची पद्धत आपल्याकडे आहे. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याची हद्द मात्र जागेवरून आखलेली आहे. कालवतळासाठी या दोहोंपैकी मी दुसरी रीत मानतो. खोलीची रेषा नाखव्याला दोर सोडून तपासता येते, हा तिचा मोठा गुण. पण कालवे खोली पाहून वसत नाहीत, ती कठीण तळ पाहून वसतात, आणि पाच वावांवर आखलेली रेषा एखाद्या तळाच्या मधूनच जाऊ शकते. असा खटला आपल्यापुढे आला, तर नौका कुठे होती हे तिच्यावरचे स्थान नोंदवणारे उपकरण सांगेल. त्या क्षणी ड्रेज तळावर टेकलेले होते की नावेवर होते, हे मात्र साक्षीपुराव्यानेच सिद्ध करावे लागेल.