उंचीवरचं रोप खुजं का राहतं?

डोंगराच्या पायथ्याशी कमरेइतकं वाढणारं रोप माथ्यावर वीतभरच दिसतं. हा खुजेपणा थंडी-वाऱ्याचा, की बियाण्यातलाच? नुसतं बघून हे कळत नाही. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यामुळे पायथ्याचं रोप वर नेलं तरी ते खुरटणारच.

याचा फार स्वच्छ निकाल कॅलिफोर्नियात लागला. येन्स क्लाउसेन, डेव्हिड केक आणि विल्यम हिझी या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या तीन बागा होत्या: स्टॅनफर्ड ३० मीटरवर, मॅथर १४०० वर आणि टिंबरलाइन ३०५० वर. पोटेंटिला या रानफुलाच्या एकाच रोपाचे ठोंब फोडून ते तिन्हीकडे लावले. जनुकं तीच, तेव्हा या ठोंबांत पडेल तो फरक हवामानाचा. आणि वेगवेगळ्या उंचीवरून आणलेली रोपं एकाच वाफ्यात लावल्यावर जो फरक टिकेल, तो आनुवंशिक. किनाऱ्याकडची रोपं टिंबरलाइनला तगेनात. तिथली मूळची रोपं मात्र स्टॅनफर्डच्या सौम्य हवेतही बुटकी राहिली आणि हिवाळ्यात झोपी गेली. शेजारची किनाऱ्याची रोपं तेव्हा वाढतच होती.

१९४८ साली त्यांनी अकिलिया या दुसऱ्या रानफुलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा या पर्वतरांगेच्या आरपार, वेगवेगळ्या उंचींवरून बी गोळा करून ते एका जागी वाढवलं होतं. जितक्या उंचावरचं बी, तितकी रोपांची सरासरी उंची कमी. पण प्रत्येक ठिकाणच्या बियाण्यातून उंच-बुटकी दोन्ही रोपं निघाली होती, आणि मला हीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. हवा बदलली तर निवड व्हायची ती याच शिल्लक विविधतेतून. सरासरीचा आलेख काढला की ती झाकली जाते.

आपल्याकडे असा अभ्यास करायचा, तर काही गोष्टी कसोशीने पाळाव्या लागतात. एकाच ठोंबाचे फुटवे वेगळी रोपं समजून डीएनए तपासायला पानं घेतली, तर विविधता खोटीच कमी दिसते. म्हणून दोन नमुन्यांत काही मीटर अंतर ठेवा. पान लिफाफ्यात घालून वजनाच्या दहापट, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये लगेच वाळवा, ओलं राहिलं तर डीएनए तुटतो. रानातून आणलेल्या बियांची पहिली पिढी मोजू नका. आईला खायला किती मिळालं, याची छाप बियांच्या वजनावर असते. एक पिढी बागेत वाढवा, त्या रोपांचं बी धरा आणि मग मोजमाप करा.

सगळ्यात मोठी फसगत उंचीच्या आकड्याचीच होते. महाबळेश्वर आणि पाचगणी यांच्या उंचीत फारसा फरक नाही, पण पूर्वेकडच्या पाचगणीला पाऊस कितीतरी कमी. सह्याद्रीत कळसूबाईसुद्धा १६४६ मीटरच. इथे हिमापेक्षा पाऊस, वारा आणि कातळावरचा मातीचा थर यांचाच जोर अधिक. शिवाय एकाच सोंडेवर नमुने घेतले, तर उंची आणि अंतर दोन्ही एकदमच वाढतात, आणि फरक नक्की कशाचा ते सुटं करता येत नाही. तेव्हा निदान दोन-तीन वेगळ्या सोंडा निवडा, प्रत्येकीवर त्याच उंचींवर थांबा, आणि जागोजागी फुलोऱ्याची तारीख टिपा. वरची झाडं खालच्यांचा बहर सरल्यावर फुलत असतील, तर परागांची देवघेव तिथेच अडते.