चिखलातली भावकी

(दृश्य: स्वयंपाकघर, रात्र. बाहेर पाऊस. ओट्यावर झाकलेलं पातेलं.)

जुलैचा पाऊस बेळगावात एकदा लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, आणि आमच्या आईला तेव्हा एकच काळजी असते ती म्हणजे इडलीच्या पिठाची. "थंडी पडल्या, फुगायचं न्हाई बघ, चुलीजवळ सरकव की," असं म्हणत ती पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवते. सकाळी झाकण काढलं की पीठ वर आलेलं असतं, आंबूस वास, वर बारीक बारीक बुडबुडे. यात बाहेरून काहीच घातलेलं नसतं, दह्याला विरजण लागतं तसंही नाही. उडीद डाळीला चिकटून आलेले बॅक्टेरियाच हे सगळं करतात आणि त्यातला मुख्य कामगार म्हणजे ल्युकोनोस्टॉक. गोल दाण्यासारखा, जोडीनं नाहीतर छोट्या माळेनं राहणारा. तो साखर खातो, आम्ल सोडतो, गॅस सोडतो, आणि त्या गॅसनं आपली इडली हलकी होते.

आता इथून निपाणी-चिकोडी-संकेश्वरकडे चला, ऊसतोड सुरू झालेली. कारखान्याच्या गेटबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते, नंबर लागेपर्यंत तोडलेला ऊस तसाच पडून, आणि त्या कापलेल्या टोकातून आत शिरतो तो हाच ल्युकोनोस्टॉक. उसाच्या रसातली साखर खाऊन तो डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतो, त्यानं रस घट्ट होतो, पाईप चिकटतात, साखरेचा दाणा चौकोनी न येता लांबट येतो आणि उतारा पडतो. म्हणजे माझ्या आईच्या पातेल्यात जो घरचा माणूस, तोच कारखान्याच्या गव्हाणीत चोर. जीव तोच, स्वभाव तोच, फक्त जागा बदलली.

हा व्हिडिओ मी बॅक्टेरियाच्या जातींवर करायला घेतला तेव्हा डोक्यात साधी विभागणी होती, हे चांगले आणि हे वाईट. ती पहिल्याच आठवड्यात मोडली. जाती आहेतच, आणि त्या ओळखता आल्याच पाहिजेत, त्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो, पण ती ओळख चांगल्या-वाईटाची नाही, ती भावकीची आहे. कोण कुणाचा, कुठं राहतो, कुठं गेला की काय करतो.

(दृश्य: लॅब. काचेच्या पट्टीवर जांभळा रंग पडतो.)

सुरुवात झाली ती आकारावरून. 1872 साली फर्डिनांड कोहननं बॅक्टेरियांचे आकारावरून गट पाडले, गोल दाणे, काड्या, स्वल्पविरामासारखे वाकडे, स्प्रिंगसारखे. बघायला सोपं आहे पण यात एक मोठी अडचण आहे, काडीसारखे दिसणारे शेकडो, त्यातला दही लावणारा कोण आणि टायफॉईड देणारा कोण हे नुसतं बघून कळत नाही.

मग 1884 मध्ये हान्स क्रिश्चन ग्राम हा डॅनिश डॉक्टर बर्लिनमध्ये न्यूमोनियानं गेलेल्या माणसांच्या फुफ्फुसाचे काप तपासत होता. त्याला एवढंच हवं होतं की फुफ्फुसाच्या पेशींच्या गर्दीत बॅक्टेरिया नीट उठून दिसावेत. जांभळा रंग, त्यावर आयोडीन, मग अल्कोहोलनं धुणं. काही बॅक्टेरियांनी रंग धरून ठेवला, काहींनी सोडून दिला. त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय की ही पद्धत अजून अपुरी आहे, दुसऱ्यांच्या हातात तिचा उपयोग होईल अशी आशा आहे. रंग सोडलेल्यांना गुलाबी करणारा शेवटचा टप्पा नंतर दुसऱ्यांनी जोडला. आज दीडशे वर्षं होत आली आणि बेळगावातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या लॅबमध्ये सकाळी पहिलं काम हेच चालतं.

रंग का टिकतो हे समजायला खानापूरकडची घरं आठवा. रंग धरणारे ते ग्राम-पॉझिटिव्ह, म्हणजे जांभ्या दगडाची जाड भिंत, रंग आत अडकला की अडकला. रंग सोडणारे ते ग्राम-निगेटिव्ह, म्हणजे पातळ भिंत आणि वरून तेलकट पडदा, अल्कोहोल तो पडदाच विरघळवून टाकतं आणि रंग वाहून जातो. आणि डॉक्टरला यातून काय मिळतं तर पहिल्या तासातच औषधाची दिशा. तो तेलकट पडदा व्हँकोमायसिनसारख्या औषधाला आत येऊच देत नाही, म्हणून गुलाबी दिसणाऱ्या बॅक्टेरियावर ते चालत नाही. मायकोप्लाझ्मा नावाच्या गटाला तर भिंतच नाही, आणि पेनिसिलिनचं काम भिंत पाडायचं, मग ते तिथं पाडणार काय? टीबीच्या बॅक्टेरियावर मेणासारखा थर असतो, त्याला हा रंग नीट लागतच नाही, त्याच्यासाठी वेगळी रंगाई करावी लागते. शिवाय आतड्यातला ई. कोलाय सोय असेल तर वीस मिनिटांत दुप्पट होतो, टीबीवाल्याला त्यासाठी जवळजवळ अख्खा दिवस लागतो. म्हणून त्याची कल्चर, म्हणजे लॅबमध्ये वाढवून करायची तपासणी, यायला आठवडे जातात आणि गोळ्याही महिनोन्महिने खाव्या लागतात.

(दृश्य: येळ्ळूरचं शिवार, पाण्यानं भरलेली भातशेती, मागं राजहंसगड.)

आता माझ्या काकाचं सांगते, कारण खरं तर हा व्हिडिओ त्याच्यामुळंच सुरू झाला.

येळ्ळूरच्या शिवारात आमचं थोडं भात आहे. बळ्ळारी नाल्याला पूर आला की ते पाणी शेतात शिरतं आणि दोन-दोन दिवस उतरत नाही, त्यात उंदरांची बिळं भरतात, उंदीर बांधावर येतात. त्या वर्षी काकानं गुडघाभर चिखलात रोप लावणी केली, टाचेला भेगा होत्या. आठ-दहा दिवसांनी ताप आला, डोळे लाल झाले, आणि पोटऱ्या अशा दुखायल्या की हात लावू देईना. एका डॉक्टरनं साधा ताप म्हणून गोळ्या दिल्या. शेताचं कुणी विचारलं नाही आणि काकानंही सांगितलं नाही, त्याचं म्हणणं, "आयुष्यभर चिखलातच हाय की मी, त्यात काय सांगायचं?" पाचव्या दिवशी डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली. दुसऱ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरणीनं पहिला प्रश्न विचारला तो असा, "काका, शेतात पाणी साठलेलं काय?"

लेप्टोस्पायरोसिस. तो बॅक्टेरिया इतका बारीक असतो की साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, ग्रामचा रंग त्याला नीट बसत नाही, अंधारी पार्श्वभूमी करून बघितला तरच दिसतो, स्प्रिंगसारखा, टोकं हुकासारखी वळलेली. एका जातीचं तर नावच प्रश्नचिन्हावरून पडलंय. उंदराच्या मूत्रपिंडात तो राहतो आणि उंदराला काही करत नाही, उंदीर मजेत फिरतो, मुततो, तेच पाणी आपल्या भातात. भेगेतून, खरचटलेल्या जागेतून माणसात शिरला की तोच जीव आपली मूत्रपिंडं आणि लिव्हर धरतो. लवकर कळलं तर डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिननं उतरणारा आजार आहे हा. काका वाचला, पण बरेच दिवस आयसीयूत काढून. त्या पाच दिवसांचं मला अजून वाईट वाटतं. चूक कुणा एकाची म्हणत नाही मी, पण त्या जीवाचा पत्ता काकाच्या टाचेवर लिहिलेला होता आणि तो वाचायला कुणी वाकलं नाही.

(दृश्य: टिळकवाडी, व्हॅक्सिन डेपो मैदान, सकाळ.)

जाता जाता एक सांगते, शूटिंगच्या वेळी बऱ्याच जणांनी सांगितलं की व्हॅक्सिन डेपो दाखवा. तिथं देवीची लस बनायची, आपल्या गावाचा तो मोठा मान आहे, पण देवी हा व्हायरसचा आजार. व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही, आणि हे घराघरात सांगायची गरज आहे कारण सर्दीला अँटिबायोटिक मागणारे लोक आपल्याकडं लई आहेत.

पण प्लेग मात्र बॅक्टेरियाचाच. 1896 ला मुंबईत आला आणि पुढच्या वर्षांत बेळगाव, धारवाड, हुबळी सगळा पट्टा त्यानं झोडपला. आजी तिच्या आईचं ऐकलेलं सांगायची, घरात उंदीर मरून पडला की सामान उचलायचं आणि रानात झोपडी घालायची. डॉक्टरांच्या आधी लोकांना उंदीर कळला होता. 1894 मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिननं बॅक्टेरिया शोधला, 1898 मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँनं उंदरावरच्या पिसवा पकडल्या. आता जीन्स तपासल्यावर कळलंय की हा प्लेगवाला ज्या जीवापासून निघाला तो आतड्यात राहून पोट बिघडवण्यापलीकडं फार काही करत नव्हता. काही हजार वर्षांपूर्वी त्या घरातल्या एका फांदीला दुसरीकडून थोडी जीन्स मिळाली, त्यातलं एक पिसवेच्या पोटात जगायला शिकवणारं, आणि तिथून पुढं काय झालं ते आपल्या पणजीला विचारा.

कॉलऱ्याचं तर याहून विलक्षण आहे. खाडीच्या पाण्यात राहणारे त्याचे बहुतेक भाईबंद माणसांत रोगाची साथ पसरवत नाहीत. 1959 साली कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी दाखवलं की माणूस मरतो तो त्या जीवानं सोडलेल्या विषानं, आणि 1996 मध्ये कळलं की त्या विषाचं जीन मुळात त्याचं नाहीच, बॅक्टेरियाला लागण करणाऱ्या एका व्हायरसनं ते आत आणून ठेवलंय. घटसर्पाचंही तसंच. म्हणजे बॅक्टेरिया आजारी पडला म्हणून आपण आजारी पडतो. हे मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

अशी जीन्सची देवाणघेवाण चालत असेल तर मग वंशावळ काढायची कशावर? 1977 मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी प्रत्येक पेशीत असणारा, फार हळू बदलणारा एक धागा निवडला, रायबोसोमचा, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचा, आरएनए, आणि तो जुळवून बघितला. बॅक्टेरिया समजत होतो त्यातले काही वेगळ्याच घराण्यातले निघाले, त्यांना आर्किया म्हणतात. आणि बॅक्टेरियांच्या आतही अशी नाती बाहेर आली की आकार बघून, रंग बघून कुणाला स्वप्नातही सुचली नसती. त्यातलं एक आमच्याच गोठ्यात आणि आमच्याच शेतात आहे.

(दृश्य: जानेवारी. भात निघालेलं शिवार, त्यावर मसूर.)

भात काढल्यावर त्याच ओलीवर आपल्याकडं मसूर टाकतात. एक रोप हळू उपटा, मुळांवर बारीक गाठी दिसतील, त्यातली एक नखानं फोडा, आत गुलाबी. रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखाच पदार्थ आहे तो. त्या गाठीत ऱ्हायझोबियम नावाचा बॅक्टेरिया राहतो, मुळाच्या पेशीच्या आत शिरून, हवेतला नायट्रोजन झाडाला देतो आणि झाडाकडून साखर घेतो. म्हणून मसुरीला युरिया फार लागत नाही.

(दृश्य: गोठा.)

आणि गोठ्यात ब्रुसेला हा बॅक्टेरिया. गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते, तो जार उघड्या हातानं काढणाऱ्या माणसाला किंवा कच्चं दूध पिणाऱ्याला ताप लागतो, येतो जातो, रात्री घाम, सांधे धरतात, महिनोन्महिने कळत नाही. औषध दोन-दोन आणि सहा आठवडे. का तर तोही आपल्या पेशीच्या आत जाऊन बसतो.

ऱ्हायझोबियम आणि ब्रुसेला एकाच भावकीतले आहेत. लसूणघासाच्या मुळात राहणाऱ्या ऱ्हायझोबियमच्या एका सख्ख्यात बॅक-ए नावाचं जीन आहे, ते काढलं तर त्याला गाठीत टिकता येत नाही. 2000 साली दिसलं की तेच जीन ब्रुसेलातून काढलं तर त्यालाही प्राण्याच्या शरीरात लांब मुक्काम करता येत नाही. दुसऱ्याच्या पेशीत राहायची कला दोघांना एकाच घरातून आली. एकानं मसुरीच्या दाण्यात आपलं जेवण भरलं, दुसऱ्यानं माझ्या आत्याची दोन वर्षं सांधेदुखीत घातली.

आत्या आता दूध तीनदा वर येईपर्यंत उकळते. ब्रुसेलाची लस मादी वासराला चार ते आठ महिन्यांच्या मध्येच द्यायची असते, एकदाच. आमच्या कालवडीला सहावा लागलाय. बुधवारी जनावरांचे डॉक्टर येणार आहेत, आत्यानं कॅलेंडरवर लाल पेननं गोल करून ठेवलाय.