ग्रहण पाठीवर घ्यायचं

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, 'खंडग्रास सूर्यग्रहण सुरक्षितपणे कसं पाहावं'. त्यावर मी येणारच आहे. पण त्याआधी पाच मिनिटं तुम्हाला आमच्या विणकामाच्या मागांच्या शेडमध्ये नेतो, कारण माझं सगळं ग्रहण तिथून सुरू होतं.

तारीख १६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. खग्रासाचा, म्हणजे सूर्य पूर्ण झाकला जाण्याचा, पट्टा आपल्या सोलापूरच्या खालून, हुबळी-रायचूरकडून गेला. आपल्याकडे खंडग्रास, पण चांगलंच मोठं. तुमच्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्यांना रस्ते कसे ओस पडले होते ते आठवत असेल. गावाच्या पूर्व भागात, आमच्या मागवाल्यांच्या वस्तीत, एरवी दिवसभर मागांची खटखट, शेजारच्याशीसुद्धा ओरडून बोलावं लागायचं. त्या दुपारी सगळे माग बंद. ती शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही.

घरातल्या मोठ्या बाईनं, अव्वानं, आम्हा पोरांना शेडमध्ये कोंडलं. हंड्यात, पिठाच्या डब्यात, लोणच्याच्या बरणीत दर्भ टाकला आणि दाराला आतून कडी घालून उंबऱ्यावर बसली. घरात एक काकू पोटुशी होती, तिला तर हातपाय हलवायचीही बंदी. रडून काही उपयोग होईना, म्हणून मी मागाखाली जाऊन बसलो.

आमच्या शेडचे पत्रे जुने होते. खिळे निघालेली, गंजून फाटलेली भोकं. उन्हाचे ठिपके रोज जमिनीवर पडायचे, आम्ही त्यांवर पाय ठेवत लंगडी खेळायचो. त्या दिवशी बघतो तर ठिपक्यांची एक कड खाल्लेली! आधी वाटलं पत्र्यावर पान पडलं असेल. पण एक ठिपका नाही, सगळेच. थोड्या वेळानं प्रत्येक ठिपक्याची कोर झाली. पावणेचारच्या सुमाराला जमिनीवर, सुताच्या बाचक्यांवर, अव्वाच्या पदरावर पन्नास-साठ बारीक कोरी पसरल्या होत्या. मी ओरडलो, "अव्वा, तुझ्या पदरावर सूर्य!" तिनं पदराकडे पाहिलं. मला वाटलं आता झटकणार. झटकला नाही. मोक्ष होईपर्यंत ती बाई तशीच, पदर पसरून, न हलता बसून राहिली. बाहेर गल्लीत "दे दान, सुटे गिराण" ऐकू यायला लागलं तेव्हा उठली.

मंडळी, कोंडलेल्या पोरानं त्या दिवशी ग्रहण पाहिलं. आणि बाहेर गच्चीवर मोकळे असलेले माझे काका, त्यांनीही पाहिलं. कंदिलाची काजळी धरलेल्या काचेतून. दुखलं काहीच नाही. दृष्टिपटलाला वेदनाच कळत नाहीत, भाजलं तरी माणूस पाहतच राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मागावर बसले. तुटलेला धागा जोडायला गेले, तर ज्या धाग्याकडे बघावं तोच दिसेना. बाजूचे दिसतात, मधला नाही. तो मधला डाग पुढं कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. बारीक नक्षीचं काम त्यांनी सोडलं. मी ग्रहणावर बोलत फिरतो तो त्यांच्यासाठी.

म्हणून मला दोन्हींचा राग येतो, कोंडण्याचा आणि बेफिकिरीचाही. २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी आठ ते अकरा ग्रहण होतं. मी ओळखीच्या एका शाळेत चाळण्या, आरसे, पडदा घेऊन गेलो. नाव सांगणार नाही. वर्गांच्या खिडक्यांना कागद लावून मुलं आत बसवलेली. मी फाटकातून परत आलो. पुढं २५ ऑक्टोबर २०२२, दिवाळीतच, सूर्य ग्रहणातच मावळला. तेव्हा उलटा प्रकार. तांबूस सूर्य डोळ्यांना सोसतो म्हणून माणसं लेकरांना खांद्यावर घेऊन उघड्या डोळ्यांनी बघत उभी होती. सोसतो म्हणजे सुरक्षित असं नसतं हो!

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत. आता भराभर सांगतो.

माझं म्हणणं एवढंच, की खंडग्रास ग्रहण पाठीवर घ्यायचं. सूर्याकडे पाठ, नजर जमिनीवर. बारीक भोकातून आलेला उजेड लांब पडला की भोकाचा आकार जातो आणि सूर्याचा आकार उरतो. म्हणून आमची फाटकी भोकंही गोल ठिपके पाडायची. भोकापासूनच्या अंतराला १०८ नं भागा, तेवढी सूर्याची प्रतिमा. जपमाळेचा आकडा, लक्षात राहतो. १ मीटरवर ९ मिलिमीटर, १० मीटरवर ९ सेंटिमीटर. चाळणी घ्या, बुंदीचा झारा घ्या, लिंबाच्या झाडाखाली उभे राहा. सोलापूरकरांना तर जॅकार्डचे पत्ते आहेत, नक्षीच्या मागाला लावायचे भोकांचे पुठ्ठे! चादरीची नक्षी ज्या भोकांनी होते तीच भोकं उन्हात धरा, दोन मीटर लांब पांढरी चादर अंथरा, एका पत्त्यातून डझनांनी सूर्य पडतील. फक्त भोकाला डोळा लावून सूर्याकडे बघायचं नाही. ही चूक मी मोठ्या माणसांना करताना पाहिली आहे.

आरसा असेल तर त्यावर कागद चिकटवा, बोटाच्या नखाएवढं भोक ठेवा, उन्हाची तिरीप अंधाऱ्या खोलीतल्या लांबच्या भिंतीवर पाडा. सगळा वर्ग एकदम बघतो. तिरीप कुणाच्या डोळ्यांवर जाऊ देऊ नका.

परातीतल्या हळदीच्या किंवा शेणाच्या पाण्यात सूर्याचं प्रतिबिंब बघणं नको. रंग पाण्यात असतो, सूर्य परततो तो वरच्या पृष्ठभागावरून. सरळ पडलेल्या उजेडातले शंभरात २ भाग परत येतात, सूर्य कलला की आणखी जास्त. म्हणजे लाखात २ हजार, आणि डोळ्यांत लाखातला एखादाच भाग जायला हवा. एक्स-रेची फिल्म, काजळीची काच, गॉगल, सीडी, हे सगळं त्याच कारणानं बाद. उलट काळ्या काचेच्या अंधारामुळं डोळ्याची बाहुली मोठी होते आणि नजर वळवावीशी वाटत नाही. थेट पाहायचंच असेल तर आयएसओ १२३१२-२ असं आंतरराष्ट्रीय मानक छापलेला ग्रहणचष्मा, ओरखडा किंवा भोक नसलेला, नाहीतर १४ नंबरची वेल्डिंगची काच. चष्मा लावून दुर्बिणीतून बघू नका, दुर्बीण तो चष्माच जाळते. दुर्बिणीचा फिल्टर पुढच्या तोंडाला लागतो. आणि खंडग्रासात चष्मा काढायचा क्षण येतच नाही, सूर्य कितीही झाकला तरी.

पुढचं आपल्याकडून दिसणारं ग्रहण २ ऑगस्ट २०२७, सोमवार, दुपारनंतर. तिकडे इजिप्तमध्ये लक्सरजवळ सहा मिनिटांपेक्षा जास्त खग्रास, आपल्याकडे सूर्य पश्चिमेला कललेला असताना कडेचा एक घास. आषाढाची अमावस्या, दिव्यांची अवस. बायका दिवे घासून पाटावर मांडतील तेव्हा शेजारी एक चाळणी ठेवायला सांगा. ढग असतील, पण आपल्याकडे कोकणासारखी झड नसते, तासा-दीड तासात एखादी उघडीप मिळेल.

दुसरी चिठ्ठी आली. प्रश्न बाहेर घेऊ. मी पंधरा-वीस पत्ते आणलेत, दाराशी टेबलावर आहेत, एकेक उचला आणि अंगणात चला. पश्चिमेकडे पाठ करून उभे राहा. भिंतीवर अजून ऊन आहे.