काच न उतरवता मारलेला रंग

नमस्कार मंडळी. बोलायला सुरुवात करायच्या आधी हा पत्र्याचा तुकडा बघा. एका हॅचबॅकच्या छपराचा पुढचा काठ आहे हा, बरोबर काचेच्या वरचा. गाडी रत्नागिरीची, कायम समुद्राच्या वाऱ्यात उभी असायची. तिला फुल पेंट मीच मारला होता, काच न काढता, चारी बाजूंनी टेप आणि कागद लावून, म्हणजे मास्किंग करून. डिलिव्हरीला गाडी झकास दिसत होती. तिसरा पावसाळा संपल्यावर मालक परत आले, म्हणाले काचेच्या वर रंगाला फुगे आलेत आणि पायाखालचं कार्पेट वाळतच नाहीये. बीडिंग, म्हणजे काचेभोवतीची रबरी पट्टी, उचललं आणि स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो आरपार गेला. ते काम मी फुकट करून दिलं, तुकडा कापला, नवीन पत्रा वेल्ड केला, पण कंपनीतून आलेला पत्रा काही परत येत नाही आणि ते मला आजही सलतं. म्हणून आज फक्त काचेबद्दलच बोलणार आहे, रंगाच्या गनबद्दल आणि शेड मॅचिंगबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत.

आता हे होतं कसं ते नीट समजून घ्या. आपण टेप लावतो ती बीडिंगला चिकटून. बीडिंगच्या खाली जो दोन-तीन मिलिमीटर पत्रा जातो तिथे पॉलिश पेपर पोचत नाही, तिथलं मेण निघत नाही, धूळ निघत नाही, आणि नेमकं तिथेच आपण नवीन रंग नेऊन संपवतो. म्हणजे रंगाची कडा अशा जागेवर येते जिथे त्याला पकडच नाही. वर टेप ओढताना बीडिंगवर चढलेला रंग आणि पत्र्यावरचा रंग यांची एकच साय झालेली असते, ती फाटते, कडा उचलली जाते. डोळ्याला दिसत नाही पण पाण्याला दिसते. पाणी आत शिरतं, बीडिंगखाली उन्हात लवकर वाळत नाही, गंज धरतो, आणि गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो म्हणून तो वरचा रंग अजून उचलतो, अजून पाणी आत. बाहेर फुगा दिसेपर्यंत आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं.

जुन्या मंडळींना आठवत असेल, अॅम्बेसेडर आणि प्रीमिअर पद्मिनीला काच रबरात बसायची. रबराची ओठासारखी कड आतून ढकलली की काच रबरासकट बाहेर, आणि बसवताना रबराच्या खाचेत दोरी घालायची, एकाने आतून दोरी ओढायची, दुसऱ्याने बाहेरून तळहाताने थापायचं. अर्ध्या तासाचं काम, त्यामुळे रंगाच्या आधी काच काढणं यात कोणाला विचार करावा लागत नव्हता. आताची पुढची काच पीयूने, म्हणजे पॉलियुरेथेनने, फ्रेमला चिकटवलेली असते. ती आता नुसती खिडकी नाही, गाडीच्या सांगाड्याचा भाग आहे. छपराला ताकद देते, आणि पॅसेंजर साइडची एअरबॅग बऱ्याच गाड्यांत फुगताना काचेवर टेकून माणसाकडे वळते. 2022 पासून आपल्याकडे नवीन गाड्यांना पुढच्या दोन्ही सीटला एअरबॅग सक्तीची झाली, म्हणजे काच कशी चिकटवली हा आता समोर बसलेल्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. म्हणून लोक घाबरतात आणि म्हणतात नको, मास्किंगच बरं. त्यांची भीती खरी आहे, पण उपाय चुकीचा आहे. काच नीट काढायला शिकायचं आणि नीट लावायला शिकायचं.

काढायला सुरी आणि तार. सुरी बाहेरून चालते, फटाफट होतं, पण जरा हात वाकडा गेला की फ्रेमचा रंग खरवडला जातो किंवा काचेची कड टवकते. पुढची काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा, तिच्या कडेला छोटा टवका गेला तरी दुसऱ्या दिवशी उन्हात तिथून तडा धावतो. मी तार वापरतो. आधी बॅटरी काढा, कारण बऱ्याच गाड्यांत काचेशेजारच्या खांबाच्या ट्रिममागे, म्हणजे आतल्या प्लॅस्टिकच्या आवरणामागे, बाजूला पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते. मग वायपर, काचेखालची प्लॅस्टिकची जाळी, खांबाचे ट्रिम, आतला आरसा, रेन सेन्सर असेल तर तो. डॅशबोर्डवर जाड प्लॅस्टिक शीट टाका, तार डॅशबोर्ड कापते हो, मी कापलेला बघितलाय. खालच्या कोपऱ्यात पीयूमधून दाभणाने भोक पाडायचं, तार आत घ्यायची, एक माणूस आत एक बाहेर, आणि करवतीसारखी लांब लांब ओढायची. घाई केली तर तार तापते आणि तुटते, साबणाचं पाणी मारत राहा. हल्ली तारेऐवजी मजबूत फायबरची दोरी मिळते, ती रंगाला ओरखडा काढत नाही, परवडत असेल तर तीच घ्या. काच परत त्याच जागी बसावी म्हणून कापण्याआधी काचेवर आणि छपरावर मिळून टेपच्या चार पट्ट्या लावा आणि काचेच्या कडेवर पट्टी ब्लेडने कापा. छपरावरच्या पट्ट्या रंगाच्या वेळी निघणारच, त्यामुळे काच आणि पत्र्याची फट सगळीकडून मोजून लिहून ठेवा, बसवताना देव आठवायची वेळ येत नाही.

मागची काच वेगळी. ती टफन केलेली असते, कडेला एक ठोका बसला की आख्खी काच साबुदाण्यासारखी खाली. शिवाय डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या, तारांची टोकं चिकटलेली, ओढली की निघून येतात. आणि बाजूच्या छोट्या तिकोनी काचेला बऱ्याचदा प्लॅस्टिकची कड काचेवरच ओतलेली असते, ती काढताना खराब होऊ शकते, म्हणून आधी नवीन काचेची किंमत आणि ती मिळते का हे विचारा, मालकाला सांगा, मगच हात लावा. कधी कधी ती काच तशीच ठेवून बीडिंग तेवढं उचलून, खाली दोरी सरकवून रंग आत नेणं बरं पडतं. हे मी मान्य करतो. पुढच्या काचेला मात्र सूट देत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच चांगले चांगले पेंटर चुकतात. काच निघाली, फ्रेमवर काळा पीयू दिसतोय, तर त्यांना वाटतं सगळं घासून पत्रा चकचकीत करू आणि आतपर्यंत रंग मारू. नका करू. कंपनीत बॉडी आख्खी टाकीत बुडवून करंट देऊन प्रायमर चढवलेला असतो, त्याची पकड आपल्या गनने येत नाही. नवीन पीयू तुमच्या ताज्या क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, लावला तर पीयू निघणार नाही, तुमचा रंग पत्र्यावरून निघेल, काचेसकट. तर करायचं काय, जुना पीयू तीन-चार मिलिमीटर ठेवा, त्यावर बारीक टेप लावा, रंग टेपपर्यंत आणून थांबवा. रंगाच्या बूथमधून गाडी बाहेर आली की टेप काढा आणि काच लावायच्या अगदी आधी पीयू पुन्हा ब्लेडने तासा, एक-दोन मिलिमीटर उरू द्या. ताज्या कापलेल्या जुन्या पीयूला नवीन पीयू जसा धरतो तसा कशालाच धरत नाही, आणि उडालेला रंग असेल तोही तासताना निघून जातो. कुठे उघडा पत्रा दिसला किंवा गंज निघाला तर तो पूर्ण साफ करून इपॉक्सी प्रायमर, मग पीयूचा प्रायमर, आणि प्रत्येकाला डब्यावर लिहिलेला वेळ द्यायचा.

सिलिकॉन वापरू नका. हात जोडून सांगतो. व्हिनेगरसारखा वास येणारं जे स्वस्त सिलिकॉन असतं त्यातलं ॲसिड पत्रा खातं, त्याला पीयूची ताकद नाही, आणि त्याचा अंश शॉपमध्ये राहिला तर पुढच्या गाडीच्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

लावताना पीयूच्या ट्यूबचं नोझल इंग्रजी व्ही आकारात कापा म्हणजे पट्टा उंच तिकोनी पडतो, मध्ये कुठे तोडू नका. काचेच्या कडेच्या काळ्या पट्टीवर प्रायमर लागतो, ती काळी पट्टी शोभेची नाही, पीयूला उन्हापासून वाचवते. काच बसली की एका दाराची काच थोडी खाली ठेवा, नाहीतर कोणीतरी दार धाडकन लावतं आणि आतल्या हवेने ताजी काच उचलली जाते. पीयू हवेतल्या ओलाव्याने सुकतो, दिवसाला साधारण तीन-चार मिलिमीटर, त्यामुळे कोकणात जुलैमध्ये लवकर आणि इकडे मे महिन्यात कोरड्या हवेत उशिरा. पण ओलावा हवेत हवा, फ्रेमवर थेंब नको. ट्यूबवर लिहिलेल्या वेळेआधी गाडी देऊ नका, मालक कितीही घाई करू दे, लग्नाची गाडी असू दे. काचेमागे कॅमेरा असलेल्या गाड्यांना कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेरा पुन्हा जुळवून घेणं, लागतं, ते बिलात आधीच धरा.

बाहेर शेडमध्ये गाडी उभी आहे, ट्रिम सकाळीच काढून ठेवलेत. आत बसून तार ओढायला एक जण पाहिजे, हातमोजे आणि चष्मा माझ्याकडे आहेत. तोपर्यंत हा तुकडा मागे पाठवतो, धार आहे, जपून धरा.