औषध आहे, मग मात्रा कुठे आहे?

अध्यक्ष महाशय आणि मित्रहो, आजचा जाहीर विषय ‘कल्पित जगातल्या वनौषधी आणि तिथलं अर्थकारण’ असा आहे. अर्थकारणाकडे येतोच. पण त्याआधी माझं एक जुनं दुखणं ऐकून घ्या. इथले निम्मे लोक अद्भुत कथा लिहितात, म्हणजे आरोपी समोरच बसलेत.

नायक बेशुद्ध पडतो. विषारी बाण म्हणा, ड्रॅगनची फुंकर म्हणा. नायिका रानात धावते, पान खुडते, दगडावर चुरडते आणि रस त्याच्या तोंडात पिळते. नायक डोळे उघडतो. अहो, बेशुद्ध माणूस गिळणार कसा? रस श्वासनलिकेत उतरायचा आणि बाणातून वाचलेला गडी नायिकेच्या हातून जायचा! (हशा)

वाल्मीकींचं बघा. युद्धकांडात लक्ष्मण पडतो, तेव्हा सुषेण औषधी कुटतो आणि ती त्याच्या नाकात देतो. तोंडात नाही. नस्य, म्हणजे नाकावाटे औषध देणं, ज्यांना ठाऊक आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. त्याच्या आधीचा प्रसंग तर मला फार प्रिय आहे. इंद्रजिताच्या बाणांनी वानरसेना झोपलेली. हनुमान पर्वतावर पोचतो, तर कोणी मागायला आलंय हे ओळखून औषधी दिसेनाशा होतात. मग तो शिखरच उपटून आणतो. नुसत्या वासाने मेलेले वानर उठून बसतात. आता तुमच्यातला एखादा खवचट वाचक विचारणार, वास काय फक्त वानरांच्याच नाकात गेला? राक्षस का नाही उठले? त्याचंही उत्तर तिथेच आहे. पडलेले राक्षस रावणाच्या हुकमाने समुद्रात फेकले जात होते, म्हणून रणात त्यांचे देहच नव्हते. एवढी फट बुजवून ठेवलीय! आणि काम झाल्यावर हनुमान तो पर्वत हिमालयात परत नेऊन ठेवतो. आपण आणलेली पुस्तकंसुद्धा परत करत नाही. (हशा)

आता माझी झिरंबी. मी रचलेल्या जगाला दोन चंद्र आहेत. झिरंबी उगवते खाडीच्या चिखलात. दोन्ही चंद्र एका रेषेत आले की मोठं उधाण येतं, खारं पाणी मुळांवर चढतं आणि त्या ताणात मुळातलं कडू द्रव्य कितीतरी पटीने वाढतं. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत काढलेलं बोटभर मूळ ताप उतरवतं; उधाणानंतर काढलेलं तेवढंच मूळ हृदय थांबवतं. दिसायला दोन्ही सारखीच. चवीवरून ओळखावं म्हटलं, तर कडू ते कडूच.

हे हस्तलिखित एका प्रकाशनात गेलं. संपादक भला माणूस, चहा पाजला. म्हणाला, सगळं छान आहे, पण वनस्पती चमकत नाही. मी म्हटलं, चिखलातली आहे. तो म्हणाला, चिखलात चमकू दे की! मग म्हणाला, हे भरतीओहोटीचं कोष्टक काढून टाका, वाचक कंटाळतो. मी विचारलं, मग राणी मरते कशी? कारण माझी राणी नेमकी तारखेच्या चुकीने मरते. त्यावर तो शांतपणे म्हणाला, शापाने मारा. चमकणारी वनस्पती आणि शाप, म्हणजे दोन्हीकडून लेखक सुटला! हस्तलिखित घेऊन मी बाहेर पडलो. ते अजून माझ्याकडेच आहे, कोणी प्रकाशक बसले असतील तर चहाच्या वेळात भेटा.

झिरंबीची ही मात्रेची गोष्ट मी हवेतून काढलेली नाही. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने 1785 साली डिजिटॅलिस या वनस्पतीवर पुस्तक लिहिलं. जलोदरावरचा एका म्हातारीचा घरगुती नुस्खा त्याच्याकडे आला होता, त्यात वीसेक वनस्पती. त्यातली काम करणारी ही एकच, हे त्याने ओळखलं, आणि मग वर्षानुवर्षं मात्रेशी झटत राहिला. मात्रा जरा चढली की ओकाऱ्या, मंद नाडी, आणि रोग्याला सगळं पिवळं-हिरवं दिसू लागतं. लेखकहो, पिवळं दिसू लागलेला राजा दरबारात बसलाय! असा प्रसंग फुकटात मिळत असताना तुम्ही पानं कसली चमकवता?

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं? बरं. अर्थकारण पळत पळत सांगतो.

एक तर कृती. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना 2015 चं नोबेल ज्या मलेरियाच्या औषधासाठी मिळालं, त्याची वाट एका जुन्या चिनी ग्रंथातल्या ओळीने दाखवली. वनस्पती पाण्यात भिजवा, पिळा, प्या. काढा नव्हे! उष्णतेने गुण जातो हे त्यावरून सुचलं. म्हणजे तुमच्या जगात झाड सगळ्यांच्या दारात असलं, तरी कृती एकाच घराण्याकडे असू शकते. मक्तेदारी तिथे जन्मते.

मग टंचाई. उत्तर आफ्रिकेतल्या सायरीनी या प्राचीन नगराने सिल्फियम नावाची वनस्पती विकून पैसा केला, नाण्यांवर तिचं चित्र छापलं. तिची लागवड काही जमेना. रोमन लेखक प्लिनी लिहितो की त्याच्या काळात एकच देठ सापडला आणि तो सम्राट नीरोला भेट म्हणून पाठवला. ज्या वनस्पतीने सगळे आजार बरे होतात ती कथेच्या तिसऱ्या पानापर्यंत ओरबाडून संपलेली असायला हवी. आपल्याकडे ती पाचशेव्या पानावरही झऱ्याकाठी नायिकेची वाट बघत डोलत असते.

आणि सत्ता. झिरंबीच्या जगात मूळ कोणीही उपटू शकतं, पण कोणत्या दिवशी उपटायचं हे पंचांगकर्त्यालाच ठाऊक. म्हणून तिथे ताप आला की माणसं आधी पंचांगकर्त्याकडे जातात आणि मग वैद्याकडे. युद्ध लागलं की राजा पहिल्यांदा पंचांगं जप्त करतो. शत्रूच्या छावणीत चुकीच्या तिथ्यांची पंचांगं सोडणं हे तिथल्या हेरखात्याचं मुख्य काम. तस्करी आणि जकात राहिली. अध्यक्ष उभे राहिलेत, म्हणजे ती राहणारच.