डाव मांडायचा आणि चालवायचाही

नमस्कार श्रोतेहो.

ब्राउझरमध्ये चार जणांनी मिळून खेळायचा खेळ आपण बनवावा, असं मनात असलेली कितीतरी मुलं मला भेटतात. बहुतेकांचं डोकं चित्रं, रंग, आवाज यांत गुंतलेलं असतं. मला आज बोलायचंय ते सर्व्हरबद्दल, म्हणजे सगळ्या खेळाडूंना जोडणाऱ्या मधल्या संगणकाबद्दल. खेळ खरा की खोटा, न्यायाचा की अन्यायाचा, हे तिथे ठरतं.

उदाहरण लिचेसचं घेऊ. बुद्धिबळाचं हे संकेतस्थळ थिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरनं २०१० साली सुरू केलं. जाहिरात नाही, वर्गणीची सक्ती नाही. खर्च देणग्यांवर चालतो आणि सगळा कोड कुणालाही वाचायला खुला आहे. ही खुली वृत्ती मला फार मोलाची वाटते.

तुम्ही तिथे राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलंत, तर सर्व्हरकडे काय जातं? पट नाही, चित्र नाही. कुठल्या घरातून कुठल्या घरात, एवढीच चार अक्षरं आणि त्याभोवतीचा किरकोळ मजकूर. हा निरोप वेबसॉकेट नावाच्या जोडणीवरून जातो. २०११ च्या डिसेंबरात ती अधिकृत मानक झाली. ही जोडणी एकदा झाली की उघडीच राहते आणि दोन्ही बाजूंना हवं तेव्हा बोलता येतं. त्याआधी ‘काही नवीन आलं का?’ असं ब्राउझरला सर्व्हरकडे पुन्हापुन्हा विचारत बसावं लागायचं.

निरोप पोचला की सर्व्हर ती चाल नियमात बसते का ते पाहतो आणि मगच पुढे पाठवतो. ब्राउझरच्या शब्दावर कधीही विसंबू नका. तो खेळाडूच्या हातात असतो आणि त्यातला कोड ज्याला जमेल त्याला बदलता येतो.

आता घड्याळ बघा. एका मिनिटाचा डाव आहे. तुम्ही पुण्यात, सर्व्हर फ्रान्समध्ये. निरोप जाऊन उत्तर यायला सेकंदाचा दहावा भाग जरी लागला, तरी चाळीस चालींत चार सेकंद गेले. साठातले चार, तेही विचार न करता! म्हणून लिचेस हा प्रवासाचा वेळ मोजतं आणि ठरावीक मर्यादेत खेळाडूला परत देतं. मर्यादा हवीच. नाहीतर कुणी मुद्दाम नेट मंद असल्याचं भासवून फुकटचा वेळ मिळवत राहील.

चालवण्यातली खरी मेहनत पुढेच असते. कोडमध्ये सुधारणा केली की सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. त्या क्षणी हजारो डाव चालू असतील तर? लिचेसनं खेळाडूंच्या जोडण्या सांभाळणारा सर्व्हर मुख्य सर्व्हरपासून वेगळा काढला. मुख्य भाग पुन्हा सुरू होत असला, तरी खेळाडूंची जोडणी तुटत नाही. लहान प्रकल्पात एवढा पसारा नको, पण निदान चालू डाव डेटाबेसमध्ये नोंदवून ठेवा.

तुमच्या पहिल्या प्रकल्पासाठी मी एक खेळ सुचवतो: बदाम सात. चार खेळाडू, प्रत्येकी तेरा पत्ते, आणि एका वेळी एकाचीच पाळी. त्यामुळे वेगाची चिंता कमी. पण बुद्धिबळात नसलेली एक अडचण इथे आहे. हातातले पत्ते झाकलेले असतात. सगळे बावन्न पत्ते चारही ब्राउझरांना पाठवून पडद्यावर फक्त उलटे दाखवलेत, तर ब्राउझरमध्ये डोकावून ते सहज वाचता येतात. सर्व्हरनं ज्याला त्याला ज्याचेत्याचेच पत्ते पाठवायचे. पिसणंही सर्व्हरवरच.

नियमही आधी लिहून काढा. लागणारा पत्ता हातात असताना ‘पास’ म्हणून तो अडवून धरायची मुभा आहे का? घरोघरी याचं उत्तर वेगळं. घरात वाद घालून प्रश्न मिटतो, सर्व्हरला मात्र एकच उत्तर द्यावं लागतं.

आणि कुणाचं नेट गेलं तर? लगेच बाद करू नका. आपल्याकडे वीज जाते, बसमध्ये रेंज जाते. जागा थोडा वेळ राखून ठेवा. तो परतला की त्याचे पत्ते आणि टेबलावरची ताजी स्थिती त्याला पुन्हा पाठवा. वेळ उलटून गेली, तर त्याची पाळी सर्व्हरनं खेळावी, म्हणजे बाकीचे तिघं अडकून पडणार नाहीत.

हे तपासायला मोठी यंत्रणा लागत नाही. चार मित्रांना चार फोनवर बसवा, डाव रंगात आला की एकाला मोबाइल डेटा बंद करायला सांगा आणि उरलेल्या तिघांच्या पडद्यावर काय होतं ते बघा. तिथे जे बिघडेल, ते आधी दुरुस्त करा. चित्रं नंतर काढता येतील.